तुळशीच्या टोकाकडून

“आणि आता तुळशीच्या टोकाकडून येतायत विनिता म्हात्रे. हातात तांब्या. तांब्या नवीन हाय, हात जुनाच. आज वारा नाय. पानी सरल पडंल, असा आमचा अंदाज.”

माझे बाबा पायरीवर बसून, बंद मूठ माइकसारखी तोंडाशी धरून बोलत होते. मी ओल्या केसांना पंचा गुंडाळून तुळशीपुढे उभी, पदर दातांत. माझी अंकिता तेव्हा सातवीत होती. दप्तर पाठीला लावून ती दारात उभी होती आणि तिचं सगळं लक्ष माझ्या ओठांवर होतं.

“फुलं घेतली. ऑफला झेंडू, लेगला जास्वंद. मधी मोठी जागा मोकली सोडलीय. देवाला फसवायचा बेत दिसतो. विहीणबाय, तुमाला काय वाटतं?”

आत माझ्या सासूबाई, गुणाबाई, भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, “मना वाटतं, तुमी चहा प्या नि गप बसा.”

“तज्ज्ञांचं मत तुमी ऐकलंत,” बाबा मुठीत म्हणाले.

माझे खांदे हलायला लागले. तांब्या कलला, आणि पाणी तुळशीऐवजी माझ्याच पायांवर पडलं. अंकिताने दोन्ही हात आडवे पसरून वाइडची खूण केली.

“हसली ती,” बाबा म्हणाले. “हसनं म्हंजे बोलनंच. आउट दे.”

“आवाज आला नाही, आजोबा. नॉट आउट.”

“कुठला अंपायर आनलाय हा, काय समजत नाय,” असं म्हणून बाबांनी बशीत चहा ओतला. मी दुसऱ्यांदा पाणी घालून, पोथीचा अध्याय वाचून बाहेर आले आणि म्हणाले, “बाबा, चहा गार झाला असेल, दुसरा टाकू?” दिवसातलं माझं पहिलं बोलणं बहुतेक वेळा हेच असायचं.

हा खेळ आमच्याकडे किती तरी वर्षं रोज चालला. अंकिता दोन वर्षांची असताना तिच्या छातीत कफ भरला होता. पनवेलच्या दवाखान्यात तिला नळ्या लावलेल्या. डॉक्टर नीट काही बोलत नव्हते. तेव्हा मी मनात धरलं, ही उठून बसू दे. हिचं लग्न होईपर्यंत रोज अंघोळीनंतर तुळशीला पाणी घालून पोथीचा अध्याय होईतो मी कुणाशी शब्द बोलणार नाही, आणि मासळी शिजवणारही नाही, खाणारही नाही. ती उठली. घरी आल्यावर मी हे सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, “लय लांबचं घेतलंस गो. दोन-चार वर्सांचं घ्यायचं.” माझे यजमान, कमळाकर, नेहमीप्रमाणे “हं” म्हणाले. बाबा तेवढे डोकं खाजवत राहिले.

“लगीन होईपर्यंत?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“म्हंजे मना वीसेक वर्सं मिलाली.”

“कशाला?”

“तुझं मौन मोडायला.”

आम्हाला वाटलं, नेहमीची थट्टा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांची लुना दारात लागली.

बाबा सुकापूरला पाणी सोडायच्या कामावर होते. ग्रामपंचायतीची नोकरी. खांद्याएवढी लांब लोखंडी चावी घेऊन ते उजाडायच्या आत निघायचे आणि एकेका आळीचा वॉल्व खोलत जायचे. पाणी यायच्या आधी नळातून हवा शिट्टी मारते, ती ऐकून बायका उठायच्या. “उठा, उठा, गंगा आली, परत जाईल,” असं ओरडत ते पुढे जायचे. माझ्या लहानपणी तिथे शेतं आणि चार घरं होती. पुढे इमारतींवर इमारती उठल्या, पाचव्या मजल्यावरच्या बायका गॅलरीतून “पाणीवाले बाबा, आज प्रेशर नाही हो” म्हणायला लागल्या. “प्रेशर माज्याकडे भरपूर हाय, वहिनी, पानी कमी हाय,” हे त्यांचं ठरलेलं उत्तर. ते काम आटपलं की चावी पायाशी आडवी टाकून लुना हाणत कामोठ्याला आमच्या गावठाणातल्या घरी यायचे. आमच्या घराच्या मागे सेक्टरच्या इमारती, पुढे तुळस, तुळशीसमोर तीन पायऱ्या. मधली पायरी त्यांची.

शर्त त्यांनीच लावली. आठवडाभर मी बोलले नाही, तर रविवारी अंकिताला वडापाव. मी एकदा जरी बोलले, तर मी माझ्या हाताने त्यांना सुक्या जवळ्याच्या, त्या बारीक कोळंबीच्या, वड्या करून घालायच्या. आई करायची तशा. आई, हौसा तिचं नाव, ती मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्याच वर्षी गेली. सासूबाई बाबांना जवळा करून घालायच्या, पण बाबा खाऊन झाल्यावर म्हणायचे, “झकास हाय, विहीणबाय. पन हौसाच्या हाताचं वलन या माज्या पोरीकडे हाय, आनि ही देवाकडे जाऊन बसलीय.” सासूबाई मग ताटली ओढून घ्यायच्या. “नको तर ठेवा.” ते सोडत नसत.

खेळाचे नियमही हळूहळू ठरत गेले. अंगाला हात लावायचा नाही. कुणी आजारी आहे, कुणी पडलं, असं खोटं सांगायचं नाही. पोथी वाचताना त्रास द्यायचा नाही. तो नियम बाबांनी स्वतः घातला, देवाशी त्यांचं भांडण नव्हतं. बाकी सगळं चालतं. एकदा मी फुलं काढत होते आणि गॅसवर दूध चढलं होतं. बाबांना ते दिसत होतं. ते दारात शांत उभे राहून पातेल्याकडे एकदा, माझ्याकडे एकदा बघत राहिले. दूध कडेपर्यंत आलं तरी बोलेनात. मी वळले, पाहिलं, फुलांची परडी टाकून धावले आणि गॅस बंद केला. निम्मं दूध ओट्यावर. “अरेरे” एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही. सासूबाई बाहेरून आल्या, ओटा बघितला आणि बाबांना फडकं दिलं. “पुसा,” म्हणाल्या. त्या दिवशी एका पुरुषाने आमच्या घरात पहिल्यांदा ओटा पुसला. अंकिताला त्या रविवारी दोन वडापाव मिळाले.

माझा आवाज मुळातच बारीक. भाजीवाल्याला भाव विचारला तरी तो “काय?” म्हणतो. बाबा म्हणायचे, “घरात एकच माइक होता, तो मी गिलला. हिच्या वाट्याला काय नाय ऱ्हायलं.” थंडीच्या दिवसांत भातं कापून झाली की मोकळ्या शेतांत टेनिस बॉलच्या मॅचेस भरायच्या, आणि रविवारी मंडपात माइकपुढे बाबा. सुरुवात ठरलेली असायची. “नमस्कार मंडली. मी कालूराम भगवान भोईर, रानार सुकापूर, तुमच्या कानाशी बोलतोय.” मग जो तडाखा लागायचा. “फलंदाज मैदानात आलाय. पँट नवीन हाय, धावा जुन्याच.” कुणाचा कॅच सुटला की म्हणायचे, “घरात बायकोनं फेकलेली ताटली हा बरोबर झेलतो, इथंच काय होतं समजत नाय.” शिव्या कधी दिल्या नाहीत. ज्याच्यावर बोलले तोच मॅच संपल्यावर त्यांना घेऊन चहाला जायचा.

मला मात्र त्यांचं आठवतं ते कमळाकरांच्या चुलत भावाच्या लग्नातलं. आमच्या लोकांत हळदीच्या सकाळी धवलारीण येते. जात्यावर हळद दळताना ती धवला म्हणते, आधी देवांना मांडवात बोलावते, मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन. आमच्या गावठाणात हे काम सोनाबाईंचं. बाबा पुरुषांत बसायचे सोडून जात्याशेजारी मांडी घालून बसले होते.

“सोनाबाय, हे सगले खरंच येतात काय गो?”

“येतात तर.”

“जेवतात?”

“वास घेतात.”

“मग माज्या येली जवला ठेवा. लांबून समजंल, कुठला मांडव ते.”

“आधी मरा तरी, व्याहीबुवा,” सोनाबाई म्हणाल्या आणि बायका हसल्या.

“मरतो ना, घाई काय हाय. आमच्या अंकिताच्या हलदीला जित्ता असलो तर नाचीन, नसलो तर तू बोलव. पन हाक मोठ्यानं मार. डाव्या कानानं आता कमी ऐकू येतंय.”

अंकिता तेव्हा कॉलेजात होती. ती म्हणाली, “आजोबा, तुम्ही नाचणारच आहात. मी डीजेला सांगून ठेवलंय.”

दोन हजार बाराच्या पावसाळ्यानंतर बाबांना दम लागायला लागला. नोकरी केव्हाच संपली होती, लुना विकली होती, तरी रिक्षाने ते सकाळी यायचेच. मग तेही जमेना. दवाखान्यात तपासलं तर छातीत पाणी झालेलं. डॉक्टर सांगत होते आणि बाबा मान डोलवत होते. मग म्हणाले, “डॉक्टर, जन्मभर लोकांचे वॉल्व खोलले नि बंद केले. माजाच एक उघडा ऱ्हायला बगा.” डॉक्टर तरुण होते, हसावं की नाही त्यांना कळेना.

तिथूनही त्यांनी खेळ सोडला नाही. सकाळी माझ्या पूजेच्या वेळेला अंकिताच्या मोबाइलवर फोन यायचा. ती स्पीकर लावून फोन तुळशीच्या कट्ट्यावर ठेवायची. “नमस्कार. आज आमी परदेशातून बोलतोय. पलंग नंबर नऊ.” मध्येच खोकला, मग थोडी शांतता, मग पुन्हा. “इथं शेजारी एक आजोबा हायत, ते म्हनतात तुमची मुलगी मुकी हाय काय. मी म्हनलो, नाय, पानी सोडायची वेल ठरलेली हाय तिची.” मी पदर दातांत घट्ट धरायची. डोळ्यांतून पाणी यायचं, ते हसून की कशाने, हे मी तपासत बसले नाही.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी फोन आला आणि त्यांनी नेहमीसारखं सुरू केलं. “आणि आता तुळशीच्या टोकाकडून...” पुढचं वाक्य येईना. आम्ही दोघी थांबलो. आतून सासूबाईही हात पुसत बाहेर आल्या. श्वासाचा आवाज तेवढा येत होता. मग बाबा हळूच, अगदी माइकवरच्या आवाजात म्हणाले, “अपुऱ्या उजेडामुले खेल थांबवन्यात येतोय.” आणि फोन ठेवला.

मी पाणी घातलं, अध्याय वाचला आणि दवाखान्यात गेले. दिवसभर त्यांच्याजवळ होते. पेज दिली, पाय चेपले, खूप बोललो. संध्याकाळी ते गेले.

नंतर भेटायला आलेल्या बायकांपैकी एकीने विचारलं, त्या दिवशी सकाळी तरी बोलायचं होतंस ना गं. पण मला कधी तसं वाटलं नाही. अशी फुकटात दिलेली विकेट बाबांनी घेतलीच नसती. वरून अंपायरशी भांडले असते.

वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्यांच्यानंतर माझं मौन फार सोपं झालं. सकाळी उठावं, अंघोळ करावी, फुलं काढावीत, पाणी घालावं. पदर दातांत धरायची गरजच उरली नाही. मधल्या पायरीवर ऊन यायचं आणि जायचं. कमळाकर द्रोणागिरीच्या गोदामातल्या नोकरीवर लवकर निघून जायचे, अंकिता कानात वायर घालून तयारी करत असायची. देवाला मी काय देत होते, मला कळेना. जे मोडायला कुणी येत नाही, त्याला व्रत म्हणायचं का, असं मी तुळशीला मनातल्या मनात विचारलं.

अंकिताचं लग्न ठरलेलं होतं. मुलगा उरणकडचा, मितेश, बंदरात कामाला. घरात असं झालं म्हणजे लग्न वर्षाच्या आत करायचं, नाही तर तीन वर्षं थांबायचं, म्हणून वैशाखातली तारीख धरली. हळदीला चार-पाच दिवस राहिले असताना सासूबाई अंगणात सुपात तांदूळ पाखडत बसल्या होत्या. मी शेजारी बसून खडे वेचू लागले.

“आई, धवल्यात बाबांचं नाव घेता येईल का?”

“तुज्या बापाचं? हितं?”

“हो.”

सूप थांबलं नाही. “आईकडची नावं नाय घेत गो. ज्या कुलाची हलद, त्या कुलाचे पितर. तुज्या बापाला त्याच्या घरच्या मांडवात बोलावतील.”

“त्यांच्या घरी कोण आहे, आई?”

आता सूप थांबलं. मी एकटीच मुलगी, भाऊ नाही. सुकापूरच्या घराला कुलूप. तिथे आता कधी मांडव पडायचा नव्हता. हे सासूबाईंना ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांनी एक खडा उचलून लांब टाकला.

“रीत मी नाय केली,” म्हणाल्या, आणि पुन्हा पाखडायला लागल्या.

रात्री जेवताना मी कमळाकरांना सांगितलं. ते म्हणाले, “आईला कोण सांगणार? आणि सोनाबाई तिच्याच वयाची, दोघी एका माळेच्या.” ते वाईट नाहीत. त्यांना घरात शांतता लागते.

अंकिताने मात्र सोडलं नाही. हातावर मेंदी ओली असताना ती माझ्या मागे मागे स्वयंपाकघरात आली.

“मम्मी, आजोबांना बोलावणार ना?”

“रीत नाही म्हणतात.”

“तू सांग ना सोनाबाईला. तिने फक्त विचारलं पाहिजे, अजून कोण राहिलं का. विचारते ती. मी यूट्यूबवर पाहिलंय.”

“सकाळी असतं ते. माझं मौन असतं तेव्हा.”

ती मेंदीचे हात पुढे धरून थोडा वेळ उभी राहिली. “दोनच दिवस राहिलेत ना तुझे?” तिने विचारलं.

“हळदीची सकाळ आणि लग्नाची.”

“हं,” ती म्हणाली आणि गेली. तिचं हे “हं” तिच्या वडिलांच्या “हं”सारखं नाही. त्यात काहीतरी चाललेलं असतं.

हळदीच्या दिवशी मुहूर्त लवकरचा निघाला. मी अंघोळ करून फुलं घ्यायला गेले, तोवर मांडवातून बोलावणं आलं. तुळस राहिली, पोथी राहिली. मी पदर दातांत धरून तशीच जात्याजवळ जाऊन उभी राहिले. आंब्याच्या डहाळ्यांचा वास, हळकुंडांचा वास, रात्रभर जागलेल्या पाहुण्यांचा वास. पाच सवाष्णी जात्याला बसल्या. अंकिता पाटावर, हिरवा चुडा भरलेली. दळलेल्या हळदीत उजव्या हाताची बोटं बुडवून तिने जात्याला पाच बोटं लावली, आणि सोनाबाईंनी डोळे मिटून सुरुवात केली.

त्यांचा आवाज आता थकला आहे, पण धवला म्हणताना तो कुठून तरी येतो. गणपती झाला, कुळस्वामिनी झाली, गावदेवी झाली, वेशीवरचा देव झाला. मग म्हात्र्यांची माणसं. माझे सासरे काशिराम, त्यांचे वडील, आजे, आजेसासूबाई. एकेका नावाला सासूबाई चिमूटभर हळद समोरच्या दुसऱ्या पाटावर ठेवत होत्या. “या हो बाबा, नातीच्या हलदीला, वाट पाहती मांडवाला,” असं सोनाबाई म्हणायच्या आणि बायका पाठीमागून ओढायच्या. काशिरामांच्या नावाला सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. जातं फिरत होतं.

मी अंकिताकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. माझ्या ओठांकडे.

सोनाबाईंनी जात्यावर हात ठेवला. जातं थांबलं. “सगले आले?” त्यांनी विचारलं. “अजून कोन ऱ्हायलं काय?”

“नाय,” सासूबाई म्हणाल्या. “झाले सगले.”

सोनाबाईंनी हात उचलला नाही. का उचलला नाही, ते मी नंतरही त्यांना विचारलं नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. मांडवात कुणाचं तरी मूल किरकिरत होतं, बाहेर आचारी मोठ्या झाऱ्याने काही तरी काढत होता, सगळे आवाज येत होते. मला वाटलं, ज्या पोरीसाठी हे धरलं तिच्याच हळदीला हे मोडायचं, एक सकाळ उरली असताना. देव काय म्हणेल. आणि लगेच वाटलं, बाबा या वेळी रस्त्यावर उभे असतील. एवढे मांडव. डीजे लागलेले. त्यांना कळणार कसं, आपला कुठला.

दातांतला पदर मी सोडला.

“काळूराम भगवान भोईर,” मी म्हणाले. माझ्याच कानांना तो आवाज ओळखू आला नाही. मांडवाच्या त्या टोकाला उभे असलेले कमळाकर वळले. मी अजून मोठ्याने म्हणाले, “राहणार सुकापूर.”

सासूबाईंनी हळदीच्या वाटीत धरलेली चिमूट तशीच ठेवली आणि माझ्याकडे वर बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता की काय होतं, मला सांगता येणार नाही.

“एक सकाल ऱ्हायली होती गो तुजी,” त्या म्हणाल्या.

मी मान हलवली.

“आता बोललीसच, तर अर्धं कशाला बोलतंस. तुज्या आयशीचं नाव घे. तिचं नाव काढल्याबिगर कवा जेवला होता तो?”

“हौसा,” मी म्हणाले. “हौसा काळूराम भोईर.”

सासूबाईंनी दोन चिमट्या हळद पाटावर ठेवली. शेजारी शेजारी. दुसरी ठेवताना थोडी सांडली, ती त्यांनी बोटाने नीट जवळ ओढली. सोनाबाईंनी डोळे मिटले आणि जातं पुन्हा फिरायला लागलं. “या हो बाबा, नातीच्या हलदीला...” आणि त्यांनी सूर इतका वर नेला की मागच्या बायकांना तो धरता येईना. डाव्या कानानं कमी ऐकू येतं, हे त्या विसरल्या नव्हत्या.

मी अंकिताकडे बघितलं. तिच्या डोळ्यांतलं पाणी गालांवर आलं होतं, पण चेहरा अगदी कडक. सातवीतली अंकिता दारात उभी असायची तसा. तिने उजवा हात वर केला, चार बोटं मिटली, आणि हळदीने पिवळं झालेलं एक बोट सरळ आभाळाकडे धरलं.

आउट.

लग्नाच्या सकाळी मी मौन धरलं नाही. घरात इतकी माणसं होती की कुणाच्या लक्षातही आलं नाही. सूर्य वर आल्यावर वरात, अक्षता, जेवणं, आणि दुपार कलता कलता अंकिता उरणच्या गाडीत बसली. जाताना तिने माझ्या कानात सांगितलं, “शर्त राहिलीय तुझी.”

पाहुणे पांगले, मांडवाचे बांबू निघाले. त्यानंतरच्या पहिल्या सकाळी मी लवकर उठले. अंघोळ केली. सासूबाई चुलीजवळ बसल्या होत्या. मी त्यांना म्हणाले, “आई, जवळ्याचा डबा कुठे ठेवता तुम्ही?”

त्यांनी वरच्या फळीकडे बोट दाखवलं. मी जवळा निवडला, धुतला, कांदा, मिरची, कोथिंबीर बारीक चिरली, तांदळाचं पीठ घातलं. हाताला सगळं आठवत होतं. वड्या तव्यावर टाकल्या तेव्हा वास घरभर झाला. कमळाकर झोपेतून उठून दारात आले, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा आत गेले. सासूबाईंनी एक तुकडा मोडून तोंडात टाकला. चावत राहिल्या.

“खरं बोलायचा तो,” म्हणाल्या. “वलन हाय.”

मी दोन वड्या ताटलीत घेतल्या, दुसऱ्या हातात चहाची कपबशी. तुळशीसमोरच्या मधल्या पायरीवर ताटली ठेवली, तिच्या शेजारी चहा. तांब्या भरून कट्ट्यावर ठेवला. पाणी अजून घालायचं होतं, पोथीही राहिली होती. उजेड भरपूर झाला होता. मी खालच्या पायरीवर बसले, आणि ज्या वेळेला मी आजवर एक शब्द बोलले नव्हते, त्या वेळेला बोलायला सुरुवात केली.

“बाबा,” म्हटलं, “अंकिताच्या हळदीला डीजेवाला उशिरा आला. ऐका, काय झालं ते.”